रद्दीच्या कागदाखाली तण का थांबतं, आणि कधी थांबत नाही

वाफ्यातलं तण खुरपून काढलं की दोन-तीन आठवड्यांत तिथे पुन्हा हिरवी लव दिसू लागते. हे नवं तण बहुतेक वेळा बाहेरून आलेलं नसतं. ते बियांच्या रूपात आधीपासून मातीतच असतं आणि आपल्याच खुरप्याने त्याला वर आणलेलं असतं. म्हणून रद्दीचा कागद आच्छादन म्हणून अंथरण्याची युक्ती समजून घ्यायची तर कागदापेक्षा आधी बियांकडे बघायला हवं.

मातीतलं बी किती काळ जिवंत राहतं, याचा एक प्रयोग अजूनही चालू आहे. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम जेम्स बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये नेहमीच्या रानटी झाडांच्या बिया वाळूत मिसळून २० बाटल्यांत भरल्या आणि त्या बाटल्या जमिनीत पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एक बाटली उकरायची आणि काय उगवतं ते पाहायचं, एवढीच त्याची पद्धत. बील गेल्यावर पुढच्या पिढ्यांतल्या शास्त्रज्ञांनी ते काम चालू ठेवलं. २०२१ मध्ये उकरलेल्या बाटलीतल्याही काही बिया उगवल्या. सगळ्या तणांचं बी इतकं चिवट नसतं, पुष्कळसं काही वर्षांतच मरून जातं. तरीही कुठल्याही वाफ्याखाली अशा बियांचा मोठा साठा असतो आणि तो एका हंगामाच्या खुरपणीने संपत नाही.

मग हे बी इतकी वर्षं गप्प का बसतं? बहुतेक तणांचं बी अगदी बारीक असतं आणि त्यात अन्नाचा साठा जेमतेम असतो. खोलवर असताना त्याला अंकुर फुटला, तर पृष्ठभागापर्यंत पोहोचण्याआधीच शिदोरी संपते आणि अंकुर मरतो. त्यामुळे अशा अनेक बियांमध्ये उजेड ओळखण्याची सोय असते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या संशोधकांनी १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवर ही गोष्ट फार सुरेख दाखवून दिली. भिजलेल्या बियांवर लाल प्रकाश टाकला की त्या उगवत. त्यानंतर दृश्य लाल रंगाच्याही पलीकडचा, दूरचा लाल प्रकाश टाकला की उगवण थांबे. पुन्हा लाल टाकला की पुन्हा उगवण. आलटून पालटून कितीही वेळा केलं तरी बी शेवटच्या प्रकाशाप्रमाणे वागे. बियांमधल्या ज्या रंगद्रव्यामुळे हे घडतं त्याला पुढे फायटोक्रोम हे नाव मिळालं.

काही तणांच्या बियांना तर उजेडाचा क्षणभराचा स्पर्श पुरतो. माती उलटताना बी एकदा उजेडात येऊन पुन्हा गाडलं गेलं, तरी तेवढ्यानेच ते जागं होऊ शकतं. जर्मनीत १९९० च्या सुमारास अंधारात नांगरणी करून तण कमी होतं का, हेसुद्धा तपासलं गेलं. सगळीकडे सारखं यश आलं नाही, कारण प्रत्येक तण उजेडावर अवलंबून नसतं. पण खुरपणी जितकी खोल, तितकं नवं बी वर येतं, हे मात्र कोणत्याही वाफ्यात दिसतं.

आता कागदाचं काम सोपं होतं. तो बियांना अंधारात ठेवतो, त्यामुळे पुष्कळशा बिया उगवतच नाहीत. ज्या उजेडाची वाट न पाहता उगवतात, त्यांच्या अंकुराला वर ना वाट मिळते ना सूर्यप्रकाश, आणि साठा संपला की ते मरतात. कागद तण मारत नाही, तो फक्त अंधार देतो आणि तोही काही महिन्यांपुरता. पुढचं सगळं या मुदतीवर अवलंबून आहे: कोणतं तण हटेल, कागद किती जाड हवा, तो केव्हा अंथरायचा.

मुळांत शिदोरी बाळगणारं तण

हराळी आणि लव्हाळा यांची गोष्ट वेगळी. हराळीच्या जमिनीखालच्या कांड्यांत आणि लव्हाळ्याच्या गाठींत अन्नाचा भरपूर साठा असतो. त्यांना उजेडाचा इशारा लागत नाही आणि दोन-तीन महिन्यांच्या अंधाराने ते संपत नाहीत. हराळी कागदाखालून आडवी सरकत जाते आणि जिथे फट मिळेल, कडा संपेल किंवा रोपासाठी पाडलेलं भोक असेल, तिथून डोकं वर काढते. चांदवेलही असंच करते. अशा वाफ्यात कागद अंथरण्याआधी कांड्या आणि गाठी उकरून काढाव्याच लागतात. त्यानंतरही कागदाच्या कडा सारख्या पाहत राहायचं आणि बाहेर आलेला प्रत्येक कोंब लगेच खुडायचा. प्रत्येक कोंब उभा करायला मुळातल्या साठ्यातलं थोडं खर्ची पडतं, आणि त्याला पानं पसरू दिली नाहीत तर तो खर्च भरून निघत नाही. काम चिकाटीचं आहे. पण कागदामुळे कोंब मोजक्याच जागी येतात, म्हणून ते आटोक्यात राहतं.

लव्हाळ्याच्या बाबतीत कागदाची एक जमेची बाजू आहे, आणि ती फारशी कुणाला माहीत नसते. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो आणि ताणून बसवलेला पातळ काळा प्लास्टिक कागद तो सहज भोसकून वर येतो. एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचा जाड कागद मात्र त्याला तितक्या सहज भेदता येत नाही. स्पेनमध्ये टोमॅटोच्या पिकात प्लास्टिक आणि कागद यांची तुलना झाली, तेव्हा लव्हाळ्यापुढे कागदच सरस ठरला होता.

शेतीत कागद अंथरणं ही आजची कल्पना नाही. हवाई बेटांवरच्या ओलाआ इथल्या ऊस मळ्याचे व्यवस्थापक चार्ल्स एकार्ट यांनी १९१० च्या दशकात उसाच्या सऱ्यांवर डांबर मुरवलेला कागद अंथरायला सुरुवात केली. उसाचा दणकट कोंब तो कागद फोडून वर येई आणि खालचं तण तिथेच दबून राही. मग अननसाच्या मळ्यांनीही ही पद्धत उचलली. १९५० च्या दशकात स्वस्त पॉलिथिन आलं आणि कागद मागे पडला. प्लास्टिक हंगामभर टिकतं, त्याखाली माती लवकर तापते, यंत्राने अंथरताही येतं. पण ते जमिनीत राहतं. चीनच्या शिनच्यांग प्रांतात कापसाच्या शेतांत वर्षानुवर्षं साचलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यांना तिथे ‘पांढरं प्रदूषण’ म्हणतात. त्या तुकड्यांमुळे मुळांची वाढ आणि पाण्याची वाट अडते. बागेत पातळ प्लास्टिक वापरून दोन हंगामांनी त्याच्या चिंध्या मातीतून वेचायची वेळ ज्यांच्यावर आली असेल, त्यांना कागदाचं कुजणं हा त्याचा दोष वाटणार नाही.

कोणती रद्दी चालते

सगळ्यात उत्तम म्हणजे साधं वर्तमानपत्र आणि छपाई नसलेला तपकिरी पुठ्ठा. वर्तमानपत्राचा कागद लाकूड दळून केलेला असतो, म्हणून त्यात लाकडातलं लिग्निन बरंचसं शिल्लक असतं. लिग्निन जिवाणूंना सहज पचत नाही, त्यामुळे असा कागद थोडा सावकाश कुजतो. कचेऱ्यांतला पांढरा कागद रासायनिक प्रक्रियेने लिग्निन काढलेला असतो आणि त्यात बहुधा चुनखडीची भुकटी भरलेली असते. तो विषारी नाही, पण एकेक पान लहान, जोड खूप पडतात आणि वाऱ्यावर टिकत नाही. यंत्रातून कातरलेल्या पट्ट्या तर आच्छादन म्हणून सगळ्यात गैरसोयीच्या: कोरड्या असताना उडतात, ओल्या झाल्या की लगदा होऊन बसतात. त्या कंपोस्टच्या ढिगात स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याबरोबर घालाव्यात. तिथला जास्तीचा ओलावा त्या शोषून घेतात.

शाईची भीती अनेकांना वाटते आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. पूर्वी रंगीत छपाईच्या शाईत शिशासारखे जड धातू असत. वर्तमानपत्राची काळी शाई म्हणजे मुख्यतः काजळी, खनिज तेलात किंवा वनस्पती तेलात कालवलेली. अमेरिकेत १९८७ पासून सोयाबीनच्या तेलावर आधारित शाई वर्तमानपत्रांत आली आणि नंतर पसरली. तेलाचा अंश मातीतले जिवाणू हळूहळू मोडतात. भाजीच्या वाफ्यात साध्या वर्तमानपत्राची पानं मी निर्धास्त वापरेन. गुळगुळीत, चकचकीत मासिकं मात्र नाही. त्यांवर चिनीमातीचा किंवा खडूचा लेप असतो, काहींवर प्लास्टिकचा पापुद्रा असतो आणि ती पाणी आत जाऊ देत नाहीत.

तीन गोष्टी बागेत अजिबात आणू नयेत. दुकानातल्या बिलाची ती उष्णतेने छापली जाणारी पावती, कारण तिच्यावरच्या लेपात बिस्फेनॉल गटातली रसायनं असू शकतात. तेल न शोषणारे खाद्यपदार्थांचे खोके आणि वेष्टनं, कारण तेलाला अटकाव करण्यासाठी त्यांत फ्लोरिनयुक्त रसायनं वापरली गेलेली असू शकतात, आणि ती निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. आणि मेणाचा किंवा प्लास्टिकचा थर दिलेला पुठ्ठा. साध्या पुठ्ठ्यावरच्याही चिकटपट्ट्या, लेबलं आणि पिना आधी काढून टाकाव्यात. पुठ्ठा कुजून जातो, चिकटपट्टी तशीच राहते.

कागद मातीत का मिसळायचा नाही

हा भाग थोडा सावकाश वाचावा, कारण कागदाचं आच्छादन करून रोपं पिवळी पडल्याची तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

कागद म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. त्यात नत्र जवळपास नसतंच. वर्तमानपत्राच्या कागदात एक भाग नत्रामागे कार्बन चारशे भाग किंवा त्याहूनही जास्त असतो. कुजवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला आरामात काम करायला हे प्रमाण पंचवीस-तीसास एक असं लागतं. कार्बन त्यांना ऊर्जा देतो, पण स्वतःचं शरीर बांधायला नत्रही हवं. ते कागदात नसेल तर ते शेजारच्या मातीतून उचलतात. म्हणजे जे नत्र रोपाच्या मुळांना मिळणार होतं, ते काही काळ जिवाणूंच्या शरीरात अडकतं. कागद कुजून संपला आणि जिवाणू मेले की ते परत सुटतं, पण तोपर्यंत पिकाचा हंगाम निघून गेलेला असतो.

हे नत्र किती, याचा ढोबळ हिशेब करता येतो. वर्तमानपत्राचा एक चौरस मीटर कागद साधारण ४५ ग्रॅम भरतो. आठ थर म्हणजे ३६० ग्रॅम, त्यात कार्बन दीडशे ग्रॅमच्या आसपास. जिवाणूंनी त्यातला एक तृतीयांश शरीरात बांधला, तर त्यासाठी पाच-सहा ग्रॅम नत्र लागतं. भाजीच्या वाफ्याला हंगामभरात चौरस मीटरमागे दहा-पंधरा ग्रॅम नत्र लागतं, म्हणजे कागद सगळाच्या सगळा मातीत मिसळला तर पिकाच्या वाट्यातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त तो ओढून घेऊ शकतो.

हाच कागद वर अंथरला तर चित्र बदलतं. माती आणि कागद फक्त एका पातळ सीमेवर भेटतात. नत्राची ओढाताण वरच्या थोड्या मातीपुरतीच राहते, आणि रोपाची बहुतेक मुळं त्याखाली असतात. शिवाय वरच्या थरातलं नत्र कमी झाल्याने तिथे रुजू पाहणाऱ्या तणाचाही जम बसायला अडचण होते. म्हणून नियम एकच: कागद वर ठेवायचा, खणून मातीत घालायचा नाही. अंथरण्याआधी मातीवर शेणखत किंवा कंपोस्टचा पातळ थर दिला तर वरच्या थरातली तूटही भरून निघते.

रद्दीपासून दाबून केलेल्या गोळ्या आणि भुगा वापरून पाहिले गेले, तेव्हा आणखी एक अडचण समोर आली. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठात १९९० च्या दशकात फुलझाडांच्या वाफ्यांत आणि कुंड्यांत असे प्रयोग झाले. तण चांगलं आटोक्यात राहिलं, पण काही हंगामी फुलझाडांची वाढ खुंटली. संशोधकांनी याचा संबंध कागदातल्या ॲल्युमिनियमशी जोडला. कागद बनवताना तुरटीसारखी ॲल्युमिनियमची संयुगं वापरली जातात. त्या कागदात थोडं स्फुरद मिसळल्यावर ते ॲल्युमिनियमला बांधून ठेवतं आणि वाढ सुधारते, असं दिसलं. अंथरलेल्या आठ-दहा पानांत कागदाचं वजन खूपच कमी असतं. गोळ्यांचा इंचभर थर म्हणजे तितक्याच जागेवर कितीतरी किलो कागद. म्हणून कोवळ्या रोपांभोवती कागदाचा जाड ढीग करू नये.

अंथरायचं कसं

आधी वाढलेलं तण जमिनीलगत कापावं किंवा उपटावं, आणि वाफ्याला भरपूर पाणी द्यावं. कोरड्या मातीवर कागद घातला तर ती माती बराच काळ कोरडीच राहते. वर्तमानपत्र सहा ते दहा पानांचा थर, पुठ्ठा असेल तर एकच थर पुरतो. दहा चौरस मीटरच्या वाफ्याला आठ थरांसाठी, जोडावरची पानं धरून, साधारण साडेचार-पाच किलो रद्दी लागते. एक पान पुरत नाही, कारण त्यातून उजेड झिरपतो आणि ते ओलं झालं की फाटतं. जोडाच्या जागी पानं १५ ते २० सेंटिमीटर एकमेकांवर यावीत. तण नेमकं जोडातूनच वर येतं, म्हणून इथे काटकसर करू नये.

कागद आधी बादलीत बुडवून अंथरला तर तो मातीला चिकटून बसतो आणि वाऱ्याने उचलला जात नाही. त्यावर लगेच पाच-सात सेंटिमीटर पालापाचोळा, वाळलेलं गवत, लाकडाचा चुरा किंवा कंपोस्ट पसरावं. हे केवळ दिसण्यासाठी नसतं. उघडा कागद उन्हात वाळतो, त्याच्या कडा वर उचलल्या जातात, आणि वाळलेल्या थरांवरून पाणी मातीत न मुरता बाजूला ओघळून जातं. जाड वर्तमानपत्राच्या थरात हा दोष हमखास येतो. शिवाय कागदाची उघडी कडा दिव्याच्या वातीसारखी मातीतला ओलावा ओढून हवेत सोडत राहते. कडा झाकलेल्या असल्या की दोन्ही अडचणी टळतात. ठिबकची नळी असेल तर ती कागदाखालून घ्यावी. तसं नसेल तर पाणी दिल्यावर एखाद्या जागी कागद उचलून बोट मातीत घालून पाहावं.

रोप लावायच्या जागी फुलीसारखा छेद द्यावा आणि खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवावी. ओला कागद खोडाला टेकून राहिला तर तिथे कूज धरते. थेट बी पेरून घ्यायच्या पिकांना कागद उपयोगी नाही. जो अंधार तणाला अडवतो, तोच तुमच्या बियालाही अडवणार. अशा पिकात ओळींच्या मधल्या पट्ट्यांपुरताच कागद वापरता येतो.

हवेचाही विचार करावा लागतो. मुळांना आणि मातीतल्या जिवांना प्राणवायू लागतो आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला वाट लागते. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये वेगवेगळ्या आच्छादनांतून वायूंची ये-जा मोजून दाखवली. लाकडाच्या चिपाट्यांमधून हवा सहज खेळते, पुठ्ठ्यातून पुष्कळ कमी. हलक्या, निचऱ्याच्या मातीत एका थराने काही बिघडत नाही. चिकण, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत मात्र पुठ्ठ्यावर पुठ्ठा रचू नये. मोठ्या झाडांच्या मुळांवर तर मी कागद टाळून नुसता चिपाट्यांचा जाड थरच सुचवेन. भाजीचे आणि हंगामी फुलांचे वाफे, पायवाटा, आणि गवताच्या जागी नवा वाफा काढायची तयारी, या तीन जागी कागदाचा खरा फायदा होतो.

घराच्या भिंतीला, लाकडी कुंपणाला किंवा मांडवाच्या खांबाला लागून कागद घालू नका. सेल्युलोज हे वाळवीचं अन्न आहे आणि ओलसर पुठ्ठा तिला आयती वाट करून देतो. गोगलगायीही त्याखाली लपतात. त्या फार झाल्या तर सकाळी कागदाची कड उचलून वेचून काढता येतात. त्याच ओलाव्यात गांडुळंही जमतात आणि मऊ पडलेला कागद खेचून खाली नेतात. जिथे गांडुळं भरपूर असतात तिथे पुठ्ठासुद्धा अपेक्षेपेक्षा लवकर नाहीसा होतो.

मुदत

उबदार, ओल्या हवेत वर्तमानपत्राचा थर दोन ते तीन महिन्यांत विरतो, पुठ्ठा सहा महिन्यांच्या आसपास टिकतो, थंड किंवा कोरड्या हवेत दोन्ही जास्त. रोप लहान असताना पहिले सहा-आठ आठवडे तणाचा त्रास सगळ्यात जास्त असतो. एवढा काळ कागदाने सांभाळला तर पुढे पिकाची पानंच जमीन झाकतात. म्हणून लागवडीच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी कागद घालावा, महिनाभर आधी नाही. उलट गवताळ जागेचा नवा वाफा करायचा असेल तर पुठ्ठा काही महिने आधी घालून ठेवावा, म्हणजे खालचं गवत कुजायला वेळ मिळतो.

हंगाम संपल्यावर उरलेले तुकडे खणून आत घालू नयेत. पुढच्या वेळी त्यांच्यावरच नवा थर द्यावा किंवा ते कंपोस्टमध्ये टाकावेत. वरच्या पालापाचोळ्यात वाऱ्याने आलेलं बी अधूनमधून उगवतंच. त्याची मुळं अजून कागदाच्या वरच असतात, तेव्हा ते दोन बोटांनी उपटून येतं. एकदा कागद विरला की तीच मुळं मातीत शिरतात, म्हणून मुदत संपत आली की आठवड्यातून एक फेरी मारावी.